बाबांच्या नावापुढची खूण

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या बँकेत हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता. काउंटरवर बाई बघून कुणी उगाच लांबण लावली, की दोन वाक्यांत मी त्याला सरळ करायचे. घरी मात्र राग काढायचा कुणावर? लग्न मी केलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. आई फटकन उलट उत्तर द्यायची, म्हणून तिच्या वाटेला मी फारशी जायचे नाही. बाबा उलट उत्तर देत नसत.

बाबा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. अर्धं उज्जैन त्यांना 'मास्साब' म्हणायचं. चित्रकला ते कुठे शिकले नव्हते, पण हात चांगला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः रंगवलेला एक मोठा तक्ता होता, त्यावर महाधनेश. काळे-पांढरे पंख, ही एवढी मोठी पिवळी चोच, आणि चोचीवर टोपी ठेवल्यासारखं पिवळं शिंग. हा सगळा एका जुन्या पुस्तकातल्या टीचभर चित्रावरून काढलेला. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच, "मास्साब, आपने सच्ची में देखा है?" आणि बाबा दरवर्षी प्रामाणिकपणे सांगायचे, "नहीं बेटा, अभी तक तो नहीं."

उज्जैनमध्ये धनेश नाही असं नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आहे, त्यावर राखाडी रंगाचे लहान धनेश येतात आणि सकाळी सकाळी ओरडून डोकं उठवतात. पण बाबांना हवा होता तो मोठा, दक्षिणेकडच्या दाट सदाहरित जंगलातला. तो मादीला झाडाच्या ढोलीत बसवतो, ढोलीचं तोंड लिंपलं जातं, आणि एका फटीतून तिला महिनोन् महिने फळं भरवतो, हे बाबा पाहुण्यांना इतक्या कौतुकानं सांगायचे, की आई एकदा म्हणाली, "त्यात काय एवढं? तुमच्या आईनं मला स्वयंपाकघरात असंच बसवलं होतं. फळं तेवढी कुणी भरवली नाहीत." बाबा हसता हसता खोकायला लागले होते.

रिटायर होताना शाळेनं तो तक्ता गुंडाळून त्यांना भेट दिला. तो त्यांनी कपाटावर ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, एकदा हा खरा बघायचाय बघ. मग हवं तर तक्ता रद्दीत घाल."

बाबा कधी काही मागत नसत. मी मनात पक्कं केलं, की बाबांना धनेश दाखवायचाच.

बँकेत आम्हाला प्रवासाची सवलत मिळायची. चार वर्षांचा एक ब्लॉक, त्यात एकदा भारतात कुठेही जा, भाडं बँक देणार, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही नेता येणार. ब्लॉक संपला की सवलत बुडाली. ही सवलत 'लॅप्स' होऊ देणं आमच्यात केवढं पाप समजलं जायचं, ते नोकरदार माणसालाच कळेल. लोक पाय प्लास्टरमध्ये घालून कन्याकुमारीला जाऊन आलेत. माझा ब्लॉक त्या डिसेंबरात संपत होता. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. बँकेत कॉम्प्युटर येऊ घातले होते, सगळ्यांना ट्रेनिंगला पाठवत होते, सुट्टी मिळायची मारामार. कर्नाटकात, कारवारच्या वरच्या जंगलात, नदीकाठी एक लॉज निघालंय, तिथे धनेश दिसतात, असं एका मासिकात मी वाचलं, पत्र पाठवलं, उत्तर आलं. झालं, ठरलं.

आणि तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, "मास्साब, दोनों आँखों का मोतिया पक गया है. ठंड शुरू होते ही एक का ऑपरेशन करवा लो."

तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी, असं नव्हतं. टाके असायचे. चाळीस दिवस वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धूळ नाही, धूर नाही, दगदग नाही. नोव्हेंबरात ऑपरेशन म्हणजे डिसेंबर गेला. डिसेंबर गेला म्हणजे ब्लॉक गेला. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना म्हटलं, "संक्रांत के बाद कर लेंगे, सर. अभी हमको बाहर जाना है."

डॉक्टर बाबांकडे बघून म्हणाले, "वहाँ जाकर ये देखेंगे क्या?"

बाबा म्हणाले, "जैसी इसकी सुविधा."

मी मनाशी हिशोब मांडला होता तो असा. बाबा घरात नीट वावरतात. पेपर वाचता येत नाही, मी वाचून दाखवते. दारात आलेला माणूस त्यांना ओळखू येतो (तो ते आवाजावरून ओळखायचे, हे मी लक्षातच घेतलं नाही). आणि पक्षी तो केवढा! चांगला चार फुटांचा. चिमणी थोडीच आहे? एवढा मोठा पक्षी न दिसायला काय झालं! आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मी अगदी असाच विचार केला होता. आई फक्त एवढंच म्हणाली, "अगं, आधी डोळे, मग पक्षी, असं नसतं का?" मी म्हटलं, "आई, तुला ब्लॉक कळतो का?" तिला ब्लॉक कळत नव्हता. बाकी सगळं कळत होतं.

दोन गाड्या बदलून, मग बस, मग जीप, असे आम्ही तिथे पोचलो. बरोबर शेवेचा डबा, आईचे दशम्या-चटणीचे डबे, बाबांचे डोळ्यांत घालायचे थेंब, आणि मी बँकेतून आणलेली एक कोरी वही. वहीत मी पट्टीनं रकाने आखले होते. डावीकडे पक्ष्याचं नाव, मग तीन रकाने, मी, आई, बाबा. ज्याला जो दिसेल त्याच्या रकान्यात खूण. सवयच तशी लागलेली.

जंगल म्हणजे आमच्या माळव्यातलं सागाचं मोकळंढाकळं जंगल नव्हे. भर दुपारी दिवा लावावासा वाटेल इतकं दाट. झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर शेवाळ. सगळीकडे ओल. उशीपासून काडेपेटीपर्यंत सगळं दमट. मधून नदी, हिरवीकाळी, संथ. आईनं नदी बघितली आणि हात जोडून कनवटीचं नाणं काढून पाण्यात टाकलं. राम घाटावर जन्म गेलेला, नदी दिसली की हात आपोआप जातो. त्या 'डुब्' आवाजानं पलीकडच्या खडकावरची दोन पाणमांजरं पाण्यात शिरली. आमचा गाईड, पन्नाशीचा, शांत माणूस, कपाळाला हात लावून हसला. तो त्या भागातला, मराठी बोलायचा. "तुमची मराठी वेगळीच आहे बाई," तो मला म्हणाला, "हिंदीत भिजवून काढल्यासारखी." बाबा खूश झाले. "बिल्कुल सही," ते म्हणाले, "दोनशे वर्षं भिजतोय आम्ही."

पहिल्या संध्याकाळी होडीतून निघालो. आम्ही तिघं, गाईड, वल्हवणारा, आणि पुण्याचं एक जोडपं. त्यातल्या गृहस्थांकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. गाईडनं आधीच बजावलं होतं, बोलायचं नाही, हालायचं नाही, मी दाखवीन तिकडे बघायचं. पाऊण तास काही नाही. मग काठावरच्या एका फळांनी लगडलेल्या मोठ्या उंबराकडे त्यानं हळूच हात केला.

होता. मी तुम्हाला काय सांगू! एक नाही, दोन होते. बाबांचा तक्ता जिवंत होऊन फांदीवर बसल्यासारखा. चोचीच्या टोकानं एक उंबर अलगद तोडायचा, हवेत उडवायचा आणि गट्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाबांच्या गळ्यात दुर्बीण अडकवली, त्यांचा खांदा धरून वळवला आणि कानात म्हटलं, "बाबा, ते बघा."

"कुठे?" बाबा म्हणाले.

"समोर. उंबरावर. उजवीकडची फांदी."

"कुठलं झाड, बाई?" ते जरा मोठ्यानं म्हणाले.

पुण्याचे गृहस्थ वळून बघायला लागले. मी दुर्बीण बाबांच्या डोळ्यांवर दाबून धरली. "अहो, एवढं मोठं झाड आहे! बघा ना!"

"अगं, पण कुठे? मला तर सगळं हिरवंच..." आता त्यांचा आवाज वर्गात शिकवायचा तेवढा झाला होता. धनेशांनी माना वळवल्या, पंख उघडले. आगगाडीचं इंजिन वाफ सोडत निघावं, तसा भस् भस् आवाज करत दोघंही आमच्या डोक्यावरून नदीपार गेले. पुण्याच्या बाईंनी 'च्च' केलं.

आणि मी, माझ्या त्या नाकावरच्या रागासकट, सगळ्यांसमोर बाबांवर खेकसले. "जरा तोंड बंद ठेवता येत नाही का तुम्हाला? तुमच्यासाठीच मरमर करून आलोय ना इथे!"

आईनं माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी अजून विसरलेले नाही. बाबांनी दुर्बीण गळ्यातून काढली, पट्टा नीट गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "दिसला गं. जाताना दिसला."

"नक्की?"

"हो तर. केवढा होता!"

मी वही काढली आणि महाधनेशापुढे तिन्ही रकान्यांत खुणा केल्या.

पुढचे दोन दिवस सगळं सुरळीत झालं, म्हणजे मला तसं वाटलं. होडी सकाळी निघायची, संध्याकाळी निघायची. गाईड हात करायचा, मी म्हणायचे, "बाबा, दिसला?" आणि बाबा लगेच म्हणायचे, "दिसला, दिसला." शेकरू दिसलं, खंड्या दिसला, पाणमांजरं दिसली, धनेश आणखी दोनदा दिसले. बाबा एकदाही 'कुठे' म्हणाले नाहीत. माझी वही भरत चालली होती. नाश्त्याला बाबा चहा बशीत ओतायला गेले आणि तो टेबलावर ओतला. आईनं पदरानं पुसून घेतला. मी बघितलं आणि वहीत डोकं घातलं.

निघायच्या सकाळी सामान जीपमध्ये चढवताना गाईड माझ्याजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "बाई, राग नका मानू. आजोबांना दिसत नाही का हो?"

"दिसतं की," मी म्हटलं. "चष्मा आहे ना त्यांना."

तो मग म्हणाला, "मार्चमध्ये आणा त्यांना परत. तेव्हा मादी ढोलीत असते, ती ढोली मला ठाऊक आहे. जवळून दाखवीन, अगदी हाताच्या अंतरावरून." मी "बघू" म्हटलं आणि जीपमध्ये बसले. मला तेव्हा कळलं होतं. खोटं कशाला बोलू? चहा सांडला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं असं कबूल केलं असतं, तर एवढी धावपळ, एवढी आखणी, रजेसाठी मॅनेजरशी केलेली भांडणं, सगळं फुकट गेलं असं म्हणावं लागलं असतं. आणि तसं म्हणायची माझी तयारी नव्हती.

संक्रांतीनंतर बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच सुमाराला पुण्याच्या गृहस्थांनी पाकिटातून एक फोटो पाठवला, मोठा, रंगीत, सोबत चार प्रेमाच्या ओळी. होडीच्या पुढच्या टोकाला बसून मागे वळून त्यांनी आमचा काढला होता, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. मी हौसेनं फ्रेम करून आणला आणि पुढच्या खोलीत टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचे, "हे बघा, धनेश बघतोय आम्ही." सगळे म्हणायचे, "वा, मुलगी असावी तर अशी." बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेले असायचे. तेही मान डोलवायचे.

चाळीस दिवस झाले, टाके निघाले, नवा चष्मा आला. पहिल्या दिवशी बाबा घरभर लहान मुलासारखे फिरत होते. "अगं, भिंतीला केवढे पोपडे आलेत! हा कॅलेंडरचा रंग लाल आहे होय? मी चॉकलेटी समजत होतो." मग माझ्यासमोर उभे राहिले, हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "केस कधी पिकले गं तुझे?" मी म्हटलं, "झाली की चार-पाच वर्षं."

तिथून ते पुढच्या खोलीत गेले आणि फोटोपुढे थांबले. चष्मा वर-खाली करून नीट बघितला. बराच वेळ बघत होते. मी दारात उभी होते, आतून नुसती घाबरलेली.

फोटोत आई आणि मी तोंड वर करून उजवीकडे बघतोय. आमच्यामागे गाईडचा हात उजवीकडे झालेला आहे. आणि बाबा डावीकडे बघतायत, रिकाम्या नदीकडे, तोंडभर हसत.

"अरेच्चा," बाबा म्हणाले, "मी तर उलटीकडेच बघतोय की!" आणि हसायला लागले. मनापासून हसले. आईही स्वयंपाकघरातून येऊन हसली. मला हसता येईना.

"बाबा, मग 'दिसला' का म्हणालात?"

"तू केवढी आनंदात होतीस," ते म्हणाले. "त्यातून त्या दिवशी होडीत तू चिडलीस. म्हटलं, कशाला उगाच." मग फोटोकडे बघतच, जरा संकोचून, म्हणाले, "आता दिसतंय मला. तो गाईड मार्चमध्ये बोलावत होता ना? आईला सांगत होता, ढोली दाखवीन म्हणून. जायचं का गं?"

जन्मात त्यांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा काही मागितलं होतं. तेही तीच गोष्ट. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बाबा, ब्लॉक आत्ताच वापरला ना. आता चार वर्षांनी."

काउंटरवर बोलावं तशी बोलले. बाबा लगेच म्हणाले, "हो, हो, ते आहेच. पुढच्या ब्लॉकला जाऊ."

पैसे नव्हते असं मुळीच नाही. त्याच वर्षी आम्ही जुना टीव्ही काढून मोठा रंगीत घेतला. स्वतःच्या खिशातून तिकीट काढून कुठे जायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात कुणाच्याच येत नसे. प्रवास म्हणजे ब्लॉक. मी त्या मार्चला रजा टाकली असती, तर पंधरा दिवसांचा प्रश्न होता. ती मी टाकली नाही. कॉम्प्युटरचं ट्रेनिंग होतं.

मग गल्लीत केबल आली आणि टीव्हीवर दिवसभर प्राणी-पक्षी दाखवणारं चॅनेल लागायला लागलं. एका दुपारी बाबांनी मला बँकेत फोन केला. घरात फोनही नवाच होता, पण ते उगाच कधी करत नसत. "बाई, टीव्हीवर धनेश दाखवतायत!" मागे कुठल्यातरी माणसाचा इंग्रजी आवाज चालू होता. "अगदी आपलाच!" मी म्हटलं, "बाबा, काउंटरवर गर्दी आहे," आणि फोन ठेवला. त्यांना धनेश दिसला तो असा, काचेमागे, त्या एका दुपारी. आई म्हणाली, की तो गेल्यावरही बराच वेळ ते तसेच उभे होते, पुन्हा दाखवतील म्हणून.

चार वर्षं काय, बघता बघता जातात. ब्लॉक आला. मी फॉर्म घरी आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. "चला बाबा, या वेळी मार्चमध्येच. गाईडला पत्र टाकते." खरंच मनापासून म्हटलं होतं. पण बाबांना तोपर्यंत दम लागायला लागला होता. पिंपळापर्यंत जाऊन येताना दोनदा बसायचे. दोन गाड्या, बस, जीप, त्यांना जमलं नसतं. मलाही ते दिसत होतं.

त्यांनी फॉर्म हातात घेतला, स्वच्छ वाचला, उलटून पाठीमागचं वाचलं, आणि मला परत दिला. "कशाला गं? मला दिसलाय की तो. तूच लिहून ठेवलंयस ना तुझ्या वहीत."

मी काही बोलायला हवं होतं. निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं, की बाबा, ती खूण खोटी आहे आणि ती मी केली आहे. पण मला, देवा शप्पथ, सुटल्यासारखं वाटलं. मी फॉर्मवर पुरी लिहिलं आणि आईला जगन्नाथाला घेऊन गेले. आठ दिवस बाबांकडे शेजाऱ्यांनी बघितलं. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले.

वही अजून आहे. फोटोही तिथेच आहे. कुणी नवीन माणूस घरी आलं, की फोटोपुढे थांबतंच, आणि थोड्या वेळानं विचारतंच, "तुम्ही सगळे इकडे बघताय, मग मास्साब तिकडे काय बघतायत?" कितीतरी वर्षं मी सांगायचे, "तिकडे दुसरा पक्षी होता." आई तेव्हा उठून आत जायची.

आता आई नाही. आता कुणी विचारलं तर मी खरं सांगते. सांगते, की त्यांना काही दिसत नव्हतं. ते माझ्यासाठी हसतायत. आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.